कुलूप लागल्यावर पेटी कुठे जाते?

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादला एखादा मुलगा निवासी विशेष शाळेतून अठरा वर्षांचा होऊन परततो, तेव्हा एसटीतून त्याच्याबरोबर एक पत्र्याची पेटी उतरते. वर ऑइलपेंटनं लिहिलेलं नाव, आत गणवेश, ताट, वाटी, टॉवेल. शाळेत पहाटे उठून पेटीशेजारी अंथरुणाची घडी घालायची त्याची सवय घरीही सुटत नाही. दिवस मात्र रिकामा असतो. आई-वडील कापूस वेचायला किंवा सोयाबीन सोंगायला गेले की तो ओट्यावर बसून राहतो. कागदोपत्री शाळा चालूच आहे, पट भरलेला आहे. त्याच्यापुरती ती बंद झाली.

गेल्या आठवड्यात या निवासी संस्था कशा उभ्या राहिल्या ते पाहिलं. या भागात त्या बंद कशा होतात ते पाहू. आपल्याकडे संस्था बहुतेक वेळा बोभाटा झाल्यावरच बंद होते.

शिरूरचं प्रकरण जुन्या वाचकांना आठवत असेल. १९९४ च्या फेब्रुवारीत तिथल्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. कारण काय, तर पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता राखणं कर्मचाऱ्यांना जड जातं. महिला संघटना रस्त्यावर आल्या आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. पाळीच्या दिवसांत मदत करायला आणखी दोन बाया नेमाव्यात, इतका साधा उपाय आधी कुणाला सुचला नव्हता, हे आज वाचतानाही अंगावर येतं.

मग २०१० साली ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या वसतिगृहातल्या मुलांच्या उपासमारीच्या बातम्या छापून आल्या. मुंबई उच्च न्यायालयानं त्यांची स्वतःहून दखल घेतली. राज्यातली अशी बालगृहं तपासण्यासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती कामाला लागली. त्याच सुमारास पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या ‘कल्याणी’ संस्थेतले लैंगिक अत्याचार बाहेर आले. २०१३ मध्ये संस्थापक आणि त्याचे साथीदार दोषी ठरले. मुलींना तिथून हलवलं गेलं. हलवलं कुठे? दुसऱ्या संस्थांत. आपल्याकडे बंद होण्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो: गाडी येते, पेट्या चढतात, गाडी दुसऱ्या फाटकाशी थांबते.

बाहेरच्या देशांतही सुरुवात बोभाट्यानंच झाली. न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरची विलोब्रुक ही सरकारी संस्था चार हजार माणसांसाठी बांधलेली. १९६५ च्या सुमारास तिथे सहा हजारांवर माणसं होती. १९७२ मध्ये दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यानं आतली नागडी, मळलेली मुलं दाखवली, १९७५ मध्ये न्यायालयापुढे तडजोड झाली, आणि तरी शेवटचं कुलूप लागायला १९८७ उजाडलं. मधली बारा वर्षं वस्तीतली लहान घरं शोधणं, मदतनीस नेमणं, शेजाऱ्यांचा विरोध मोडून काढणं यांत गेली. स्वीडननं तर १९९७ मध्ये कायदाच केला: १९९९ संपेपर्यंत अशा सगळ्या संस्था बंद. पण तिथे पर्यायी घरं आणि सेवा उभ्या करायचं काम कित्येक वर्षं आधीपासून चालू होतं.

कायद्यात आपणही मागे नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं २००७ मध्ये मान्य केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाचवं कलम समाजात राहण्याचा हक्क देतं. ३ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्रानं दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभाग काढला. राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ योजना प्रौढांच्या कायमच्या निवाऱ्यासाठी आहे, आणि अठरा वर्षांवरच्या व्यक्तीला पालक नेमून देणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसते. हसनाबादकरांसाठी ती जालन्याला. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राच्या तपासणीसाठीही जिल्ह्याची वारी आलीच, आणि प्रत्येक वारीत एक रोज बुडतो. कागद जुळवतानाही आईच्या तोंडी एकच प्रश्न असतो, “आमच्यामागं ह्याचं कसं व्हायचं?” या प्रश्नाला सरकारी फॉर्मात रकाना नाही.

अठराव्या वाढदिवसाची ही कुऱ्हाड एका माणसानं उघडपणे अडवून धरली. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर. रेल्वे फलाटांवर, उकिरड्यांवर टाकलेली, मतिमंद, मूकबधिर, अंध अशी १२३ मुलं त्यांनी आपली मानली आणि बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं. अठरा झाले म्हणून एकालाही बाहेर काढणार नाही, तसा कायदा करा, हा त्यांचा धोशा अनेक वर्षांचा. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जळगावच्या स्थानकावर सापडलेली त्यांची दृष्टिहीन लेक माला त्याच वर्षी राज्य लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखकाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तेव्हा तिनं पंचविशी ओलांडली होती.

वझ्झरचं कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड होते: तीसुद्धा संस्थाच आहे, आणि एका माणसाच्या जिवावर उभी आहे. हसनाबादला लागतं त्याहून लहान काहीतरी. गावातली दोन खोल्यांची जागा, दिवसभर सोबत राहील अशी पगारी बाई किंवा माणूस, चार-पाच जणांना जमेल असं काम आणि संध्याकाळी परतायला आपलंच घर. आई-वडील थकल्यावर त्याच खोल्यांत रात्रीचीही सोय. मोठं वसतिगृह चालवायला शासन कर्मचाऱ्यांचे पगार आणि माणशी परिपोषणाचं अनुदान देतं. तो पैसा मात्र संस्थेच्या पटावरल्या नावाला मिळतो. नाव पटावरून उतरलं की मुलगा पेटी घेऊन गावी येतो, पैसा मागेच राहतो.

तो पैसा मुलाच्या मागोमाग गावात आणायचा तर काय करावं लागेल, याचा हिशेब पुढच्या आठवड्यात.