प्रथिनांचे आंतरपटलीय वहन आणि त्याचे नियमन

छत्तीसगड व विदर्भ या प्रदेशांना सिकलसेल हा आजार दीर्घकाळ परिचित आहे; रायपूरला त्यासाठी स्वतंत्र संस्थान आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच मूळ दोष. हे प्रथिन पेशी अडवीत का नाही? एक तर प्राणवायू सुटेपर्यंत त्याचे वर्तन बहुतांशी सामान्य असते. शिवाय ते पेशीद्रवातच घडते व तेथेच राहते. पटलबद्ध कप्प्यांतील तपासणी त्याच्या वाट्याला येत नाही.

ती तपासणी आंतर्द्रव्यजालिकेत होते. प्रथिनाच्या आरंभीचा संकेतखंड त्याला तेथे नेतो, या शोधासाठी ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. घडी नीट बसलेली प्रथिने पुटिकांतून, म्हणजे पटलाच्याच इवल्या पिशव्यांतून, गॉल्गी संकुलाकडे जातात. जालिकेची स्वतःची प्रथिने चुकून पुढे गेल्यास परत आणली जातात. येथे टपालाचे रूपक नेहमी योजले जाते. ते अपुरे आहे. टपालखाते पत्रातील मजकूर तपासत नाही, जालिका तपासते.

कधी ती अतिकठोर ठरते. सिस्टिक फायब्रोसिसच्या अनेक रुग्णांत क्लोराइडवाहक प्रथिनातील ५०८ वे अमिनो आम्ल गळालेले असते. जालिका ते प्रथिन अडविते व पेशी त्याचा नाश करते. वस्तुतः कमी तापमानात वाढविलेल्या पेशींत तेच प्रथिन बाह्यपटलापर्यंत पोहोचून काही अंशी कार्यही करते. अमेरिकेत २०१९ मध्ये मान्य झालेल्या औषधत्रयीतील दोन औषधे त्याची घडी सावरतात. तिसरे औषध पोहोचलेल्या प्रथिनाचे द्वार अधिक काळ उघडे ठेवते.