बंदर उघडे ठेवले, मग कोठार कोण भरणार?

दुष्काळ आणि सरकार : लेखांक ५

मागच्या लेखांकात आपण १८६६चा ओडिशातला दुष्काळ पाहिला. सरकारने धान्य आणायला उशीर केला, पावसाळा लागल्यावर समुद्रमार्गही बंद झाला आणि सुमारे दहा लाख माणसे मेली. त्या अनर्थाची चौकशी जॉर्ज कॅम्पबेलच्या आयोगाने केली होती. पुढे हाच कॅम्पबेल बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. १८७३ साली बिहार आणि उत्तर बंगालात पाऊस वेळेआधीच गेला, उभे भात करपू लागले, तेव्हा ओडिशात काय घडले होते ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. ऑक्टोबरातच त्याने व्हाइसरॉयकडे मागणी केली : कलकत्त्याहून परदेशी जाणारा तांदूळ थांबवा.

व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकने ही मागणी फेटाळली. त्या काळच्या इंग्रज प्रशासनात मुक्त व्यापाराला धर्मवचनाचे स्थान होते, हे त्याचे एक कारण. पण नॉर्थब्रुककडे व्यवहारातली कारणेही होती. एकदा गिऱ्हाईक तुटले की ते दुसऱ्या बंदराकडे वळते आणि चांगल्या हंगामात परत येईलच असे नाही; त्याचा फटका शेवटी भात पिकवणाऱ्यालाच बसतो. शिवाय हा तांदूळ सिलोन, मॉरिशस आणि वेस्ट इंडीजमधल्या मळ्यांवर राबणाऱ्या हिंदी मजुरांच्या पोटात जात होता. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत बिहारी मजूर मोठ्या संख्येने होते, तसे कोकणातून गेलेले मराठी मजूरही होते. बंदी घातली असती तर बिहारमधल्या भुकेचा भार समुद्रापार गेलेल्या बिहारी माणसावर पडला असता. निर्यातबंदीचा विचार करताना हा मुद्दा नेहमी लक्षात ठेवावा लागतो : थांबवलेल्या पोत्याची दुसऱ्या टोकाला कुणीतरी वाट पाहत असते.

मात्र बंदी नाकारून नॉर्थब्रुक स्वस्थ बसला नाही, आणि या प्रकरणाचे खरे महत्त्व त्यातच आहे. सरकार स्वतः धान्याच्या खरेदीला उतरले. ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणला गेला. तो कलकत्त्याहून रेल्वेने आणि पुढे बैलगाड्यांनी उत्तर बिहारातल्या तिरहुतपर्यंत पोचवण्यात आला. मदतकार्याची सूत्रे रिचर्ड टेंपलकडे होती. दुष्काळी कामांवर मजुरी मिळाली, काम न झेपणाऱ्यांना फुकट धान्य मिळाले. १८७४ सालचा तो दुष्काळ भुकेने फारसे बळी न घेता सरला. सरकारकडे सुमारे एक लाख टन तांदूळ उरला, म्हणून लंडनमध्ये टेंपलवर उधळपट्टीचा ठपका बसला. माणसे वाचली याचे कौतुक मागे पडले आणि उरलेल्या पोत्यांचा हिशेब पुढे आला.

या ठपक्याची किंमत दख्खनने मोजली. १८७६ साली सोलापूर, कलादगी, अहमदनगर, पुणे, साताऱ्यापासून मद्रास आणि म्हैसूरपर्यंत पावसाने दगा दिला. व्हाइसरॉय आता लॉर्ड लिटन होता. त्यानेही निर्यातबंदी घातली नाही. मद्रास सरकारने तीस हजार टन धान्य स्वतःहून खरेदी केले, तर त्याबद्दल वरून कानउघाडणी झाली. दुष्काळी कामांची पाहणी करायला लिटनने टेंपललाच पाठवले, ते खर्च आवरण्याची ताकीद देऊन. १८७७च्या जानेवारीत टेंपलने पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्याच्या किमतीवर आणि वर एका आण्यावर आणली. एक पौंड म्हणजे जेमतेम अर्धा किलो, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची! मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली. ‘सार्वजनिक काका’ गणेश वासुदेव जोशी यांच्या पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जामागून अर्ज पाठवले.

त्याच सुमारास हिंदुस्थानातून युरोपला सव्वातीन लाख टनांच्या आसपास गहू गेला. हा गहू मुख्यतः उत्तरेचा. दख्खनचा गरीब ज्वारी-बाजरी खाणारा. मग तो थांबवून काय झाले असते, असे कुणी विचारील. पण गहू देशात राहिला असता, तर त्याचे भाव उतरून इतर धान्यांवरचा ताणही काही प्रमाणात कमी झाला असता. तरीही एवढ्याने सोलापूरचा मजूर जगला नसता, हेही तितकेच खरे. पीक बुडाले तेव्हा त्याची मजुरीच बुडाली होती. व्यापारी धान्य नेतो ते पैसे असतील तिकडे. खिसा रिकामा असलेल्या माणसापर्यंत ते आपोआप पोचत नाही, मग बंदर उघडे असो की बंद. सरकारी अंदाजानेच या दुष्काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक लोक मेले.

हे दोन दुष्काळ शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हींत निर्यात चालू होती. पहिल्यात सरकारने व्यापार मोकळा ठेवला आणि त्यातून पडणारी तूट स्वतः भरली. दुसऱ्यात व्यापार मोकळा ठेवला आणि जबाबदारीही सोडून दिली. निर्यातबंदी नाकारण्याचा अधिकार सरकारला आहे, पण धान्य आणण्याचे आणि मजुरी देण्याचे कर्तव्य स्वीकारल्यानंतरच. दोन्ही नाकारणारे सरकार प्रजेला मरायला सोडते, आणि त्याला धोरणाचे नाव देता येणार नाही.

आपल्या काळातल्या बंदीलाही हीच कसोटी लावावी. २० जुलै २०२३ रोजी भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा देशात ८० कोटींहून अधिक लोकांना रेशनवर मोफत धान्य देण्याची व्यवस्था उभी होती. १८७७ साली नेमकी हीच व्यवस्था नव्हती. पण त्या बंदीची झळ आपल्या तांदळावर अवलंबून असलेल्या आफ्रिकी देशांनाही लागली आणि परदेशी बाजार बंद झाला तो आपल्या शेतकऱ्याला. म्हणून बंदी घालताना सरकारने तीन गोष्टी जाहीर कराव्यात : ती किती दिवस चालेल, शेतकऱ्याला भरपाई काय मिळेल आणि अन्नासाठी आपल्यावर विसंबलेल्या देशांना किती धान्य दिले जाईल.

पुढच्या लेखांकात : १९४३च्या दुष्काळाच्या सुमारास प्रांतांनी एकमेकांनाच धान्य देणे बंद केले आणि बंगाल एकाकी पडला, त्याची हकिकत.