चेकिंगच्या टेबलावर कॅमेरा येतो तेव्हा

तलासरी तालुका संपतो तिथून गुजरात सुरू होतं. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची कितीतरी मुलं-मुली रोज उंबरगाव, भिलाड, वापीला कंपनीत जातात. पहिलं काम मिळतं ते बहुधा पॅकिंगचं नाहीतर चेकिंगचं. प्लॅस्टिकचं झाकण उजेडात धरायचं, बोटांत फिरवायचं, कडेला चीर दिसली की बाजूच्या क्रेटमध्ये टाकायचं.

हे काम आता कॅमेराही करतो. त्याला आधी चांगल्या-खराब मालाचे ढीगभर फोटो दाखवतात. मग पट्ट्यावरून माल सरकत असताना खराब नग ओळखून हवेच्या झोताने बाजूला उडवला जातो. पण कुठला नग खराब, हे कॅमेऱ्याला आधी माणसानेच सांगावं लागतं आणि ती पारख चेकिंगवाल्यांच्या नजरेत असते. म्हणून चेकिंगवाल्या मुलीला काढण्याऐवजी त्याच मशीनवर शिकवून बसवावं, असं मला मनापासून वाटतं.

काढलंच तर? औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. ज्या यंत्रबदलाने कपात होण्याचा संभव आहे, त्याची 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. बारा महिन्यांत 240 दिवस भरलेल्या कामगाराला काढताना किमान महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यायचा. नवं काम शिकण्यासाठीच्या निधीतून आणखी 15 दिवसांचा पगार 45 दिवसांत खात्यात जमा व्हायला हवा. वर्षाच्या आत पुन्हा भरती निघाली तर आधी जुन्यांना विचारायचं.

गाडं अडतं ते ठेकेदाराच्या हजेरीवर. 240 दिवस भरत आले की ‘ब्रेक’ मिळतो. थोड्या दिवसांनी तीच मुलगी, तेच टेबल, कागदावर मात्र नवी तारीख. ठरावीक मुदतीचा करार संपला, तर कायदा त्याला कपात मानतच नाही. 15 दिवसांच्या पगारात नवं काम शिकून होत नाही. इथे तर तेवढंही हातात पडत नाही.

म्हणून नोकरी चालू असतानाच कागद जमवा. नेमणूकपत्र मागा, ते देणं आता सक्तीचं आहे. पगाराची स्लिप आणि गेटपास जपून ठेवा. पीएफच्या पासबुकात कुठल्या महिन्याचे पैसे कुणी भरले ते दिसतं. स्वतःच्या हजेरीशी ते ताडून पाहा. आणि कंपनी उंबरगावची असेल, तर तक्रार पालघरला नव्हे, गुजरातच्या कामगार खात्याकडे करायची असते.

घरातलं कुणी कंपनीत जात असेल, तर आज रात्रीच त्याचा पीएफचा यूएएन नंबर विचारा आणि वहीत लिहून ठेवा.