मोटारीचे पुढचे पाय

भिवापूर म्हटले की लोकांना मिरची आठवते. इथली लाल मिरची दूरदूर जाते. मिरचीबरोबर कापूस जातो, सोयाबीन जाते. पूर्वी हा माल बंडीतून जाई. नागपूर ते नागभीड ही छोट्या रुळांची आगगाडीही भिवापुरावरून धावे. रूळ रुंद करायचे म्हणून ती २०१९ साली बंद झाली. आता गावोगाव मोटारी झाल्या आहेत. कोणाकडे जीप आहे, कोणाकडे जुनी मारुती आठशे आहे. मारुती आठशे पहिल्यांदा १९८३ साली रस्त्यावर आली. २०१४ साली ती बनवणे थांबले. पण जुन्या गाड्या अजून चालतात.

जुनी गाडी स्वस्तात मिळते. पण तिची देखभाल आपल्यालाच करावी लागते. इंजिन बिघडले तर गाडी थांबते, एवढेच. पण पुढच्या चाकाचा सांधा निखळला तर गाडी आवरत नाही. चाक आडवे पडते आणि गाडी रस्ता सोडते. गाडीत आपली बायकामुले असतात. म्हणून मोटारीचे पुढचे पाय कसे असतात, ते केव्हा बदलायचे आणि कसे बदलायचे, हे आज आपण पाहू.

बंडी आणि मोटार

बंडीची आस सरळ असते. दोन्ही चाके तिच्यावर फिरतात. वळायचे झाले की बैल वळतात आणि सबंध बंडी वळते. चाक दगडावर चढले की बंडीही उचलली जाते. बंडी हळू चालते, म्हणून हे खपते. मोटार तासाला साठ किलोमीटर धावते. तिला असे चालत नाही.

मोटारीला दोन सोयी लागतात. पहिली सोय अशी, की चाक खड्ड्यात गेले तरी वरचा डबा फार हलू नये. यासाठी स्प्रिंग असते. दुसरी सोय अशी, की पुढची चाके डावी-उजवी वळावीत. हे काम स्टेअरिंग करते.

चार चाकांच्या घोडागाडीत पूर्वी पुढची सगळी आसच वळत असे. १८१७ च्या सुमारास जर्मनीतल्या म्युनिक शहरी लँकेनस्पर्गर नावाचा एक गाड्या बांधणारा कारागीर होता. त्याने युक्ती काढली. आस जागीच ठेवायची आणि चाके तेवढी आपापल्या खिळीवर वळवायची. पुढल्या वर्षी आकरमान नावाच्या गृहस्थाने इंग्लंडात त्या युक्तीचा हक्क नोंदवला.

या युक्तीत एक खुबी आहे. वळताना आतले चाक जास्त वळते आणि बाहेरचे कमी. असे का? खळ्यावरची मळणी आठवा. मेढीजवळचा बैल लहान फेरा घेतो. कडेचा बैल मोठा फेरा मारतो. चाकांचेही तसेच आहे. दोन्ही चाके सारखीच वळली तर एक चाक फरफटत जाईल आणि टायर घासेल.

भागांची नावे

गाडीच्या पुढच्या चाकामागे वाकून पाहा. हे भाग दिसतील.

लोअर आर्म : हा लोखंडी हात आहे. त्याचे एक टोक गाडीच्या सांगाड्याला असते, दुसरे चाकाकडे. चाकाला तो जागेवर धरतो.

बॉल जॉइंट : हा हाताच्या टोकाचा सांधा आहे. वाटीत गोळा बसवलेला असतो. आपल्या मांडीचे हाड खुब्यात असेच बसलेले असते. त्यामुळे चाक वर-खाली होते आणि वळतेही. काही गाड्यांत हा सांधा निराळा मिळतो. काहींत तो आर्मसकटच बदलावा लागतो.

टाय रॉड : ही स्टेअरिंगपासून चाकापर्यंत जाणारी दांडी. तिच्या टोकालाही गोळ्याचा सांधा असतो. त्याला टाय रॉड एंड म्हणतात.

बुश : हे रबराचे कडे आहे. आर्म जिथे सांगाड्याला जोडलेला असतो तिथे ते बसते. लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून ते असते.

शॉकअप : स्प्रिंग एकदा दबली की कितीतरी वेळ वर-खाली नाचत राहील. शॉकअपच्या नळीत तेल असते. ते बारीक भोकांतून जाते आणि स्प्रिंगचे नाचणे थांबवते. मारुतीसारख्या गाडीत शॉकअप आणि स्प्रिंग एकत्रच उभे असतात. ही रचना मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याची आहे.

जीपच्या जुन्या गाड्यांची रचना वेगळी असते. तिथे पुढेही सबंध आस असते आणि पाट्यांची स्प्रिंग असते. पण टाय रॉड एंड तिथेही असतोच.

दुखणे कसे ओळखायचे

गोळ्याच्या सांध्यावर रबराची टोपी असते. आत ग्रीस असते. टोपी फाटली की धूळ आणि चिखल आत जातो. आमच्याकडची काळी माती तर फारच चिकट. ती ग्रीसमध्ये मिसळली की सांधा घासला जातो आणि ढिला पडतो.

गाडी स्वतःच आपले दुखणे सांगते. ऐकायला मात्र हवे. खड्ड्यातून जाताना पुढून टक-टक असा आवाज येतो. स्टेअरिंग थोडे फिरवले तरी चाक वळत नाही, मध्येच पोकळ जाते. गाडी एका बाजूला ओढते. टायर एकाच कडेने झिजते. यातले एक जरी दिसले तरी तपासणी करा.

तपासणी अशी करावी. चाक जॅकने जमिनीपासून उचला. जॅकच्या जोडीला खाली भक्कम आधार द्या. मग चाक वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरा. वरचा हात आत ढकला, खालचा बाहेर ओढा. चाक हलले तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग ढिले आहे. आता घरच्या कोणाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा. तरीही हलते तर दोष सांध्याचा.

मग चाक डावी-उजवीकडून धरा आणि तसेच हलवा. इथे हलले तर बहुधा टाय रॉड एंड गेला आहे. दुसऱ्या माणसाने टाय रॉडच्या सांध्यावर बोटे ठेवावीत. सांधा ढिला असेल तर बोटांना कळते.

शॉकअप पाहायचा असेल तर गाडी जमिनीवर ठेवा. पुढचा कोपरा जोराने दाबा आणि सोडून द्या. गाडी वर येऊन स्थिर झाली तर ठीक. दोन-तीनदा नाचली तर शॉकअप थकला आहे. नळीवर तेल ओघळलेले दिसले तरी तेच समजा.

आधी जिवाची काळजी

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो. गाडी धरून ठेवण्यासाठी नसतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक घसरला तर हाक मारायलाही वेळ मिळत नाही.

मऊ मातीत जॅक रुततो. म्हणून काम पक्क्या, सपाट जागेवर करा. मागच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ओंडके लावा. हँडब्रेक ओढा. गाडी उचलली की सांगाड्याखाली लोखंडी स्टँड लावा. विटा लावू नका. वीट वजनाखाली फुटते आणि फुटण्याआधी सांगत नाही. काढलेले चाकही सांगाड्याखाली आडवे सरकवून ठेवा. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

टाय रॉड एंड कसा बदलायचा

हे काम घरी करता येते. घाई मात्र करू नका.

पहिले काम : चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट थोडे ढिले करा. मग गाडी उचला, स्टँड लावा, चाक काढा.

दुसरे काम : सांध्याची जागा तारेच्या ब्रशने साफ करा. आट्यांवर गंजावरचे तेल सोडा. थोडा वेळ थांबा.

तिसरे काम : दांडीवरचा लॉक नट थोडाच ढिला करा. तो आधी कुठे होता तिथे रंगाची खूण करा.

चौथे काम : सांध्याच्या नटातली पिन काढा. नट सैल करा, पण शेवटचे दोन-तीन आटे राहू द्या. मग ज्या भोकात सांधा बसला आहे त्या भोकाच्या कडेवर हातोड्याने बाजूने ठोका. सांध्याचा दांडा निमुळता असतो. ठोकल्याने तो सुटतो. दांड्याच्या आट्यांवर ठोकू नका. पुलर मिळाला तर फारच उत्तम.

पाचवे काम : आता जुना एंड दांडीवरून फिरवून काढा. प्रत्येक फेरा मोजा. समजा, अठरा फेरे झाले. ते कागदावर लिहून ठेवा. इथे आपले शिकलेले अक्षर कामाला येते. नवा एंड अठराच फेरे बसवा. असे का? एका फेऱ्याने दांडीची लांबी एक-दीड मिलिमीटर बदलते. तेवढ्यानेही चाक वाकडे पाहू लागते.

सहावे काम : दांडा भोकात बसवा आणि नट घट्ट करा. किती घट्ट, ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. पिनचे भोक जुळले नाही तर नट आणखी थोडा आवळा. भोक जुळवण्यासाठी नट कधी ढिला करू नका. पिन नवीच घाला. शेवटी लॉक नट आवळा.

सातवे काम : चाक बसवा. नट समोरासमोरचे आवळत जा. गाडी खाली उतरवून पुन्हा घट्ट करा. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहा. कुठे अडत नाही ना, ते बघा.

लोअर आर्म बदलताना आणखी एक गोष्ट सांभाळावी. बुशचे बोल्ट आधी नुसते बसवून ठेवावेत. गाडीचे वजन चाकांवर आले की मगच पुरते आवळावेत. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

घरी काय करू नये

शॉकअपवरची स्प्रिंग घरी उघडू नये. ती दाबून बसवलेली असते. वरचा नट सोडताच ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. तिने माणसाचा जबडा मोडतो, जीवही जातो. सबंध शॉकअप उतरवून गॅरेजमध्ये न्यावा. तिथे स्प्रिंग धरण्याचे अवजार असते. शॉकअप नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एक नवा आणि एक जुना असला तर गाडी वाकडी धावते.

माल घेताना दुकानदाराकडून पावती घ्या. गाडीचे नाव आणि साल सांगा. जुना भाग सोबत न्या आणि नव्याशी ताडून पाहा. चार पैसे वाचतात म्हणून बनावट सांधा घेऊ नका. त्या सांध्यावर सबंध घरदार बसलेले असते.

काम झाल्यावर गाडी थेट माल लादून नेऊ नका. आधी मोकळ्या रस्त्यावर हळू चालवा. ब्रेक लावून पाहा. पन्नास किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा. मग जवळच्या मोठ्या गावी जाऊन चाकांचे अलाइनमेंट करून घ्या. फेरे मोजून बसवलेला सांधा अंदाजाने बरोबर असतो. नेमके माप यंत्रच सांगते. तो खर्च टाळला तर टायर झिजते आणि दुप्पट खर्च येतो.

बंडीला वंगण घातले नाही की ती कुरकुरते. धुरकरी लगेच ओळखतो. मोटारीचेही तसेच आहे. दर पावसाळ्यानंतर एकदा चाकामागे वाकून पाहावे. रबराची टोपी फाटली आहे का, तेल ओघळले आहे का, एवढे पाहायला पाच मिनिटे लागतात.

आता सांगा पाहू

१. वळताना आतले चाक जास्त का वळते?
२. बेअरिंगचा दोष आणि सांध्याचा दोष कसा ओळखाल?
३. जुना टाय रॉड एंड काढताना फेरे का मोजायचे?
४. गाडीखाली विटा का लावू नयेत?
५. कोणते काम घरी करू नये?