जुनी मोटार घेण्यापूर्वीं

जुनें तें सोनें ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. परंतु सोनार सोनेंदेखील कसोटीच्या दगडावर घासून पाहिल्यावांचून विकत घेत नाहीं, हें पुष्कळ लोक विसरतात. जुन्या अमेरिकन मोटारींच्या बाबतींत हा विसर फार महाग पडतो. अशी गाडी विकावयास निघाली, कीं तिचा ताजा रंग व लखलखणारी नक्षी पाहून घरांतील लहानथोर मंडळी भुलून जातात, आणि अनेक वर्षांची शिल्लक एका दिवसांत खर्ची पडते. म्हणून अशा गाडीची परीक्षा कशी करावी, याविषयीं चार गोष्टी आम्ही येथें सांगतों.

या गाड्या आपल्या प्रांतांत आल्या कोठून, हें प्रथम पाहूं. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडी येथें कारखाना काढला व तेथें शेव्हरोलेट मोटारी जोडल्या जाऊं लागल्या. तो १९५४ सालीं बंद झाला. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यांतून पुढें डॉज, प्लिमथ व डिसोटो या गाड्या बाहेर पडल्या. १९६४ सालच्या पॉन्टिअॅक जीटीओसारख्या प्रचंड शक्तीच्या अमेरिकन गाड्या आपल्याकडे क्वचितच दिसतात; परंतु परीक्षेचे नियम सर्वांस सारखेच आहेत.

पहिली परीक्षा पत्र्याची. इंजिन झिजलें तर दुरुस्त होतें. परंतु गंजानें खाल्लेला सांगाडा दुरुस्त करण्यास गाडीच्या किंमतीहून अधिक खर्च येऊं शकतो. गंज नेहमीं खालून चढतो. म्हणून दारांखालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, पायाखालचा पत्रा व मुख्य लोखंडी सांगाडा हीं ठिकाणें गाडी उचलून धरून पाहावीं. गंजलेल्या जागीं पुट्टी भरून वर रंग दिला म्हणजे डोळ्यांस कांहींच कळत नाहीं. येथें एक साधें लोहचुंबक उपयोगी पडतें. पातळ फडक्यांत गुंडाळून तें पत्र्यावरून फिरवावें. जेथें तें चिकटत नाहीं, तेथें रंगाखालीं पुट्टीचा जाड थर आहे असें समजावें. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेंत वाढलेल्या गाडीस गंजाचें भय अधिक. मराठवाड्याच्या कोरड्या हवेंत तें कमी. मात्र १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतील शेव्हरोलेट गाड्यांच्या अंगांत पत्र्याखालीं लाकडी चौकट असे, व आपल्याकडे लाकडाचा शत्रु वाळवी आहे. अशा गाडीचें दार उघडून किंचित् वर उचलून पाहावें. बिजागरीजवळ तें डुगडुगलें, तर आंतील लाकूड पोखरलें असण्याचा संभव आहे.

दुसरी परीक्षा इंजिनाची. विकणाऱ्यास आगाऊ सांगून ठेवावें, कीं आम्ही येण्यापूर्वीं गाडी सुरू करूं नका. कारण तापलेल्या इंजिनांत पुष्कळ दोष लपतात. सुरू केल्यावर मागून येणारा धूर पाहावा. धूर निळसर असला, तर इंजिन ऑइल जाळीत आहे. काळा असला, तर पेट्रोल जास्त जात आहे. थंडींतील सकाळीं थोडी पांढरी वाफ निघते, त्यांत वावगें नाहीं; परंतु इंजिन तापल्यावरही ती थांबली नाहीं, तर पाणी आंत शिरत आहे. ऑइल दुधासारखें दिसलें तरी अर्थ तोच. रबरी नळ्याही वांकवून पाहाव्या. आजच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें व तें जुन्या रबरास मानवत नाहीं.

तिसरी परीक्षा ब्रेकची, व ती सर्वांत महत्त्वाची. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जुन्या ब्रेकांत चारही चाकांस मिळून तेलाचा एकच मार्ग असे. एका ठिकाणीं गळती झाली, कीं सर्व ब्रेक निकामी. अमेरिकन गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग सामान्यतः १९६७ पासून आले. म्हणून गाडी उभी असतांना ब्रेक एक मिनिटभर दाबून धरावा. पाय हळूहळू खालीं गेला, तर गळती आहेच. वेरूळहून परततांना दौलताबादच्या घाटाच्या उतारावर अशा गाडींत आईवडील व भावंडें बसलीं असतील, हें मनांत आणावें.

चौथी परीक्षा कागदपत्रांची. सांगाड्यावर व इंजिनावर कोरलेले क्रमांक आर. सी. बुकांतील क्रमांकांशीं अक्षरशः जुळले पाहिजेत. क्रमांक खरवडलेला वा नव्यानें ठोकलेला दिसल्यास गाडी कितीही स्वस्त असो, तेथून निघावें. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनीं संपते, व पुढें दर ५ वर्षांनीं नवी करावी लागते. शिवाय २०२१ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपांत राखलेली गाडी पुरातन म्हणून नोंदवितां येते. त्यास प्रथम २०,००० रुपये शुल्क पडतें, नोंदणी १० वर्षें टिकते, व क्रमांकांत व्हीए हीं अक्षरें येतात; परंतु अशी गाडी प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली इत्यादि कामांपुरतीच रस्त्यावर आणतां येते, रोजच्या वापरास नव्हे. ज्यांस रोज कचेरींत जावयाचें आहे, त्यांनीं हें आधींच जाणावें.

सारांश, रंग शेवटीं पाहावा व लोखंड आधीं. ओळखीचा जाणता मिस्त्री बरोबर न्यावा, घाईनें विसार देऊं नये, आणि मन साशंक असल्यास नकार देण्यास संकोच करूं नये. विद्यार्थीमित्रहो, तुमच्या घरीं असा बेत चालला असेल, तर लोहचुंबक घेऊन वडिलांबरोबर अवश्य जा.