गर्दीतला धक्का आणि कायदा

पर्वणीला नाशिकच्या रामकुंडावर किंवा संध्याकाळच्या भरलेल्या सिटीलिंक बसमध्ये अंगाला अंग लागणारच. याच आडोशाने कुणी मुद्दाम हात लावतो आणि बाई विचारात पडते, ‘गर्दीच होती म्हणाला, तर मी काय सांगू?’

या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२९मध्ये फौजदारीपात्र बलप्रयोगाची व्याख्या आहे. तिथे रस्त्यातल्या धक्क्याचंच उदाहरण दिलंय. संमतीशिवाय, समोरच्याला इजा, भीती किंवा त्रास व्हावा म्हणून, किंवा तो होईल हे माहीत असूनही मुद्दाम धक्का दिला, तर तो असा बलप्रयोग ठरतो. धक्का किती जोराचा होता, हे तिथे विचारलेलं नाही. ब्रेक लागल्यावर तोल जाऊन लागलेला धक्का मात्र यात येत नाही.

असा बलप्रयोग स्त्रीचा विनयभंग करण्याच्या हेतूने, किंवा तो होईल हे माहीत असून केला, तर कलम ७४ लागतं. शिक्षा किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षं कैद आणि दंड. गुन्हा अजामीनपात्र आहे.

संमतीबद्दल कलम २८ सांगतं, की भीतीपोटी दिलेला होकार ही संमती नव्हे, आणि समोरच्याला ती भीती ठाऊक असेल तर त्याला त्या होकाराचा आधार घेता येत नाही. बाई घाबरून गप्प बसली, म्हणजे तिची हरकत नव्हती, असा अर्थ कुणी काढू नये.

अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा लागतो. कपड्यांवरून केलेला स्पर्श त्यात बसत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला: पाहायचा तो लैंगिक हेतू, त्वचेला त्वचा लागली की नाही हे नव्हे.

आता तक्रारीचं. तिथल्या तिथे ११२ लावा, कंडक्टरला मोठ्याने सांगा. प्रकार पंचवटीत घडला आणि तुम्ही नाशिकरोडला उतरलात, तरी तिथल्या ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. विनयभंगाची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. टाळाटाळ झाली, तर वरिष्ठांना लेखी कळवा, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. कलम ७४ची फिर्याद जाणूनबुजून न घेणाऱ्या पोलिसालाही शिक्षा आहे.

शेजारच्या प्रवाशांनो, तुम्ही पाहिलं असेल तर नाव-नंबर द्या, जबाब द्या. हेतू सिद्ध करायला साक्षीदाराची मोठी मदत होते आणि त्या गर्दीत तो तुम्हीच असता.