स्मृतिभ्रंशग्रस्तांचे काळजीवाहक आणि मानसिक आरोग्य व्यावसायिकांची भूमिका

प्रास्ताविक

एका घराची कल्पना करा. बदलापूरचा एक मुलगा सकाळची लोकल पकडून मुंबईला कामावर जातो आणि रात्री उशिरा परततो. मधल्या बारा-तेरा तासांत घरात दोनच माणसे असतात : स्मृतिभ्रंश झालेले वडील आणि त्याची पत्नी. सासरे तोच प्रश्न दहा वेळा विचारतात, दाराची कडी काढून बाहेर पडू पाहतात, कधी सुनेलाच "तू कोण?" असे विचारतात. रुग्णालयात गेल्यावर चौकशी होते ती सासऱ्यांची. सुनेला झोप लागते का, हे कोणीच विचारत नाही.

या आजारात मदतीची गरज असलेल्या व्यक्ती दोन असतात. त्यांपैकी दुसऱ्या व्यक्तीला, म्हणजे काळजीवाहकाला, मानसिक आरोग्य व्यावसायिक कोणते साहाय्य करू शकतात, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

१. आजार आणि त्याची व्याप्ती

स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपणीचा साधा विसराळूपणा नव्हे. मेंदूच्या आजारामुळे स्मृती, भाषा, निर्णयशक्ती आणि दैनंदिन कामे करण्याची क्षमता क्रमाक्रमाने ढासळते. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण होय. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवर आधारित अंदाजानुसार भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. त्यांपैकी बहुतेकांची काळजी घरीच घेतली जाते आणि ती प्रामुख्याने पत्नी, सून किंवा मुलगी घेते.

२. काळजीवाहकाचा ताण ओळखणे

व्यावसायिकाचे पहिले काम म्हणजे काळजीवाहकाशी स्वतंत्रपणे बोलणे. रुग्णासमोर किंवा घरच्यांसमोर ती मोकळेपणाने बोलू शकत नाही. ताण मोजण्यासाठी झारिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण असतात. मात्र गुणांपेक्षाही महत्त्वाचे असते ते संभाषण. "कधीकधी वाटते, हे सारे संपावे," असे काळजीवाहक म्हणते, तेव्हा तिला दोष न देता ऐकून घेणे हाच उपचाराचा आरंभ ठरतो. तिला स्वतःला नैराश्य आले असल्यास त्यावर वेगळे उपचार करावे लागतात. तिच्या मनात आत्महत्येचे विचार आहेत का, हेही संकोच न बाळगता विचारावे लागते.

या ताणात दुःखाचाही भाग असतो. माणूस समोर आहे, पण ओळखीचा माणूस हरवला आहे, अशा अवस्थेला पॉलीन बॉस यांनी संदिग्ध वियोग ही संकल्पना दिली. या दुःखाला सुतक नसते, भेटायला येणारे नातेवाईक नसतात. समुपदेशकाने त्याला नाव दिले, तरी काळजीवाहकाच्या मनातील अपराधभाव हलका होऊ शकतो.

३. गोव्यातील प्रयोग

केवळ "धीर धरा" असे सांगून भागत नाही, मग काय करावे? याचे उत्तर गोव्यात शोधले गेले. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांचा अभ्यास केला; तो २००८ साली प्रसिद्ध झाला. स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन गृहभेटींसाठी नेमले गेले आणि त्यांच्यावर समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ यांची देखरेख ठेवली गेली. सहा महिने या सल्लागारांनी घरी जाऊन आजाराची माहिती दिली, रुग्णाचे वर्तन हाताळण्याचे मार्ग शिकवले आणि काळजीवाहकांना आधार दिला.

काळजीवाहकांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनामुळे होणारा त्यांचा त्रास कमी झाला. रुग्णाच्या कार्यक्षमतेत मात्र ठोस फरक दिसला नाही. आजार मागे हटला नाही, तरी काळजीवाहकाला सावरता येते, हा या प्रयोगाचा बोध आहे.

४. आपल्या परिसरातील उपयोजन

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांमधून उल्हासनगर उभे राहिले. स्मृतिभ्रंशात अलीकडच्या आठवणी आधी पुसल्या जातात. बालपणीच्या अधिक काळ टिकतात. म्हणून तेथील एखाद्या वृद्ध आजी संध्याकाळी "घरी जायचंय" म्हणू लागल्या, तर त्यांच्या मनातले घर सिंधमधले असू शकते. अंबरनाथ-बदलापुरात ते कोकणातले किंवा घाटावरचे असेल. "आपण घरीच आहोत," असे पुन्हा पुन्हा समजावल्याने वाद वाढतो. "घरी कोण कोण असायचं?" असे विचारले, तर आजी बोलू लागतात आणि बेचैनी ओसरण्याची शक्यता असते. असे कौशल्य व्यावसायिक शिकवू शकतात. त्रासदायक वर्तनापूर्वी काय घडले आणि नंतर काय झाले, याची वही ठेवण्यास सांगणे हाही उपयुक्त उपाय आहे.

विश्रांतीची व्यवस्था कुटुंबाच्या बैठकीत ठरवावी. रविवारी मुलाने चार तास वडिलांजवळ बसावे, आठवड्यातून एक दुपार नणंदेने यावे, असे ठोस वाटप व्यावसायिकाच्या उपस्थितीत झाले, तर ते टिकण्याची शक्यता वाढते. मदत मागणे म्हणजे कर्तव्यात कसूर करणे नव्हे, हे घरातील सर्वांसमोर सांगितले गेले पाहिजे.

५. कायदा आणि सेवा

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीच्या गंभीर बिघाडाचाही समावेश आहे. रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवांची तरतूदही त्यात आहे. २०२२ साली सुरू झालेली टेली-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे. घराबाहेर पडणे शक्य नसलेल्या काळजीवाहकाला तिचा विशेष उपयोग होतो.

सारांश

काळजीवाहकाचा ताण ओळखणे, तिचे दुःख ऐकणे, तिला कौशल्ये शिकवणे आणि तिच्यासाठी विश्रांती मिळवणे ही व्यावसायिकांची चार प्रमुख कामे आपण पाहिली. आपल्यापैकी काही जण स्वतः काळजीवाहक असतील. हा पाठ वाचताना आपल्यालाच आधाराची गरज जाणवली, तर ती सांगण्यास विलंब करू नका.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. संदिग्ध वियोग ही संकल्पना उदाहरणासह स्पष्ट करा.
२. गोव्यातील प्रयोगाचे निष्कर्ष सांगून त्यांचे महत्त्व विशद करा.
३. आपल्या परिचयातील एखाद्या काळजीवाहकाच्या दिनक्रमाचे निरीक्षण करा आणि तिला आठवड्यातून चार तास विश्रांती कशी मिळवून देता येईल, याचा आराखडा तयार करा.